सल्ला शेतात पोचतो, अनुभव परत येतो का?

मांजरा आणि सिंदफणा या दोन्ही नद्या बीड जिल्ह्याच्या पाटोदा तालुक्यातल्या डोंगरांत उगम पावतात. पण बालाघाटाच्या या माथ्यावर पडलेले पाणी इथे थांबत नाही. उतार धरून खाली जाते आणि दूरच्या धरणांत साठते. माथ्यावर उरते हलकी, मुरमाड जमीन आणि तिच्यावरचा कोरडवाहू कापूस, तूर, उडीद, बाजरी. बीड जिल्ह्याचे वार्षिक पर्जन्यमान साडेसहाशे मिलिमीटरच्या आसपास आहे. पण हा पाऊस नेमका कधी येतो आणि मध्येच किती दिवस दडी मारतो, यावर इथल्या घराचे वर्ष ठरते. मृगात दोन सरी आल्या, वापसा झाला, पेरणी उरकली आणि पुढे तीन आठवडे आभाळ कोरडे राहिले, तर दुबार पेरणी कपाळी येते. बियाणे पुन्हा, खत पुन्हा, मजुरी पुन्हा, आणि पैसा बहुधा उसनवारीचा.

चाड्यावर मूठ कधी धरायची, या निर्णयात आजवर घरातल्या जाणत्यांचा, नक्षत्रांचा, बांधाला बांध असलेल्या शेजाऱ्याचा आणि कृषी सहायकाचा वाटा होता. आता त्यात सॉफ्टवेअरची भर पडली आहे. मोबाइलवर पावसाचा अंदाज येतो, किडीचा इशारा येतो, मराठीत प्रश्न विचारला तर मराठीत उत्तर मिळते. या सगळ्याला सरसकट ‘एआय’ म्हटले जाते आणि ‘बुद्धिमान’ हे विशेषण लावले जाते. म्हणून एकदा नीट विचारायला हवे: एखाद्या प्रणालीला बुद्धिमान म्हणायचे ते कशाच्या जोरावर? तिच्यापाशी माहितीचा साठा मोठा आहे म्हणून, की त्या ज्ञानाच्या आधारे ती स्वतःचे वागणे बदलते म्हणून?

या प्रश्नावर गेल्या सत्तरहून अधिक वर्षांत जगभर बरेच काम झाले आहे आणि महाराष्ट्रातही त्याचे ठसठशीत नमुने आहेत. त्या सगळ्यावरून नजर फिरवली की एक गोष्ट मला स्पष्ट दिसते. प्रणालीची बुद्धी कळते ती तिचा सल्ला चुकल्यावर. चूक तिच्यापर्यंत पोचते का, पोचल्यावर ती काय बदलते, यावर सगळे अवलंबून आहे. आपल्याकडे सल्ला शेतापर्यंत नेणारी वाट बऱ्यापैकी तयार झाली. शेतातला अनुभव प्रणालीपर्यंत परत आणणारी वाट अजून बांधायची आहे.

मोटार सुरू करणे आणि विहीर ओळखणे

विहिरीवरच्या मोटारीला बसवलेला ऑटो स्टार्टर मराठवाड्यात घरोघरी माहीत आहे. रात्री दोनला वीज आली की मोटार आपोआप सुरू होते, शेतकऱ्याची झोपमोड वाचते. पण विहिरीत पाणी आहे की नाही, हे स्टार्टरला ठाऊक नसते. पाणी तुटले तरी मोटार चालूच राहते आणि कधी जळते. स्टार्टरला ड्राय रनपासून, म्हणजे मोटार कोरडी फिरण्यापासून, वाचवणारे उपकरण जोडले की पाणी संपताच मोटार बंद पडते. म्हणजे स्वतःच्या स्थितीची थोडी जाण आली. आता अशी प्रणाली डोळ्यांपुढे आणा की जी रोज किती वेळात पाणी तुटले याची नोंद ठेवते, त्यावरून विहिरीला किती तासांत किती पाणी येते हे ताडते, आणि जसजसा उन्हाळा चढतो तसतशा मोटारीच्या वेळा स्वतःच बदलते. पहिले उपकरण हुकूम पाळते, दुसरे धोका ओळखते, तिसरे विहीर ओळखते. स्वतःत बदल करणारी प्रणाली म्हणतात ती तिसरी.

हा फरक शास्त्राने फार पूर्वी नेमका मांडला आहे. नॉर्बर्ट वीनर यांनी १९४८ साली सायबरनेटिक्सवरचे पुस्तक लिहिले तेव्हा त्याच्या मुळाशी हाच विचार होता, की केलेल्या कृतीचा परिणाम परत मोजून पुढची कृती ठरवायची. १९७० मध्ये रॉजर कॉनंट आणि रॉस ॲशबी यांनी पुढचे पाऊल टाकले. एखाद्या व्यवस्थेचे उत्तम नियंत्रण ज्याला करायचे आहे, त्याच्या ठायी त्या व्यवस्थेची प्रतिकृती असावीच लागते, असा त्यांचा सिद्धान्त. सोप्या शब्दांत, ज्याला विहीर सांभाळायची आहे त्याच्या डोक्यात विहीर असली पाहिजे.

सॉफ्टवेअरच्या जगात हा विषय ऐरणीवर आला तो २००१ मध्ये. मोठी संगणकजाळी माणसांच्या हाताने सांभाळणे आवाक्याबाहेर जात आहे, तेव्हा स्वतःची देखभाल स्वतः करणाऱ्या प्रणाली हव्यात, अशी भूमिका आयबीएमने घेतली. २००३ मध्ये जेफ्री केफार्ट आणि डेव्हिड चेस यांनी त्याचा आराखडा मांडला, तो आजही या क्षेत्राचा पाया मानला जातो. त्यात चार पायऱ्यांचे चक्र आहे: निरीक्षण, विश्लेषण, नियोजन, अंमलबजावणी. आणि चारही पायऱ्या ज्याच्या आधारावर चालतात तो मध्यभागी ठेवलेला ज्ञानसाठा.

त्या साठ्यात काय काय असावे? एक, बाहेरच्या जगाचे ज्ञान: जमीन, पाऊस, कीड. दोन, स्वतःविषयीचे ज्ञान: आपले कोणते अंदाज कुठे खरे ठरतात, कुठे फसतात. तीन, उद्दिष्टाचे ज्ञान: उत्पादन वाढवायचे की नुकसान टाळायचे, आणि दोन्हींत ओढाताण झाली तर कोणते आधी. चार, ज्याच्यासाठी हे चालले आहे त्या माणसाचे ज्ञान. यातले पहिले जमवण्यावर बहुतेकांचा भर असतो; उरलेली तीन अर्धवट राहतात. पुढचे नमुने पाहताना ही चार मापे लक्षात ठेवू.

नियमांत बांधलेले ज्ञान

संगणकाला ज्ञान देण्याची पहिली मोठी रीत म्हणजे तज्ज्ञाकडून नियम लिहून घेणे. स्टॅनफर्ड विद्यापीठात १९७० च्या दशकात एडवर्ड शॉर्टलिफ यांनी घडवलेली ‘मायसिन’ ही प्रणाली रक्तातल्या जंतुसंसर्गाचे निदान सुमारे सहाशे नियमांच्या बळावर करी. विशेष म्हणजे, हा निष्कर्ष का काढला असे विचारले तर ती आपले नियम उलगडून दाखवी. ऐंशीच्या दशकात ही लाट मुंबईत पोचली. नॅशनल सेंटर फॉर सॉफ्टवेअर टेक्नॉलॉजी या संस्थेत ज्ञानाधिष्ठित संगणकप्रणालींवर काम झाले, आणि तज्ज्ञप्रणाली बांधण्यासाठी ‘विद्वान’ नावाचा सांगाडाही तिथे तयार झाला. पुढे ही संस्था सी-डॅकमध्ये विलीन झाली.

शेतीत या विचाराचे महाराष्ट्रातले सर्वांत मोठे रूप म्हणजे ‘क्रॉपसॅप’, अर्थात पिकांवरील कीड-रोग सर्वेक्षण व सल्ला प्रकल्प. २००८ मध्ये सोयाबीनवर पाने खाणाऱ्या अळ्यांचा मोठा उद्रेक झाला आणि त्या धड्यातून २००९-१० पासून हा प्रकल्प उभा राहिला. कीड सर्वेक्षक शेतात जाऊन मोजणी करणार, आकडे संगणकावर चढणार, ठरलेली आर्थिक नुकसानीची पातळी ओलांडलेली गावे वेगळी निघणार आणि तिथल्या शेतकऱ्यांना सल्ला जाणार, अशी ही रचना.

कापसाचे उदाहरण घेऊ. गुलाबी बोंडअळीसाठी शेतात कामगंध सापळे लावतात. सलग तीन रात्री दर सापळ्यात आठ किंवा जास्त पतंग सापडले, किंवा फुलांत-बोंडांत दहा टक्के प्रादुर्भाव दिसला, की फवारणीची पातळी गाठली असे धरतात. पाकळ्या न उमलता गुलाबाच्या कळीसारखे मिटून राहिलेले फूल, म्हणजे डोमकळी, दिसली की आत अळी आहे हे कापूसवाल्याला सांगावे लागत नाही. या नियमात मोठा गुण आहे. तो स्पष्ट आहे, शेतकऱ्याला पडताळता येतो, आणि ऊठसूट फवारणी करण्यापासून वाचवतो. ‘दुकानदार म्हणाला म्हणून फवारले’ याऐवजी ‘मोजले आणि मग फवारले’ ही सवय लावण्याचे मोल कमी नाही.

पण नियमाच्या पोटात एक अडचण असते. नियम लिहिला त्या दिवशीचे जग त्यात गोठलेले असते. बीटी कापसाची कथा हेच सांगते. २००२ मध्ये बीटी कापसाला परवानगी मिळाली, २००६ मध्ये दोन जनुकांचे वाण आले. बोंडअळीसाठी फवारणीची गरज नाही हा सल्ला त्या वेळी बरोबर होता. मग अळीच बदलली. २००९-१० च्या सुमारास गुजरातच्या काही भागांत गुलाबी बोंडअळी पहिल्या वाणाला दाद देईना. पुढे दुसऱ्या वाणाचीही मात्रा चालेना. आश्रय म्हणून लावायचे बिगर-बीटी बियाणे पुडीतच राहिले, फरदड घेण्याची, म्हणजे हंगामानंतरही कापूस उभा ठेवण्याची, रीत चालू राहिली, आणि २०१७ च्या खरिपात महाराष्ट्रातला कापूस या अळीने पोखरला. हाताशी आलेले पीक गेले. कालचे खरे ज्ञान आज खोटे ठरू शकते, आणि आपण मागे पडलो हे नियमाला स्वतःहून कळत नाही. ते कळवायला कोणी तरी शेतातून उलटा निरोप द्यावा लागतो. अळी आपले वागणे बदलत होती. सल्ल्याला तिच्या वेगाने बदलता आले नाही.

पाण्याची प्रतिकृती

दुसरी रीत म्हणजे नियमांच्या मागे असलेली यंत्रणाच संगणकात मांडणे. नानाजी देशमुख कृषी संजीवनी प्रकल्प, ज्याला सगळे ‘पोकरा’ म्हणतात, जागतिक बँकेच्या अर्थसाहाय्याने २०१८ पासून राबवला गेला. पहिल्या टप्प्यात पाच हजारांहून अधिक गावे होती आणि त्यात मराठवाड्याचे सगळे जिल्हे होते. या प्रकल्पासाठी मुंबईच्या आयआयटीने गावाच्या पाण्याचा ताळेबंद मांडणारी पद्धत तयार केली. पडलेल्या पावसातले किती वाहून गेले, किती मातीत मुरले, किती पिकाने घेतले, किती भूजलात उतरले, याचा हिशेब मातीचा प्रकार, खोली, उतार आणि पीक यांच्यावरून ही पद्धत करते.

पाटोद्यासारख्या तालुक्यात हे फार मोलाचे आहे. सौताड्याच्या बाजूला खोल दरी, माथ्यावर वीतभर माती, आणि ओढ्याकाठी तेवढ्यापुरती काळी रानं. एकाच गावात एका शेताला आठ दिवसांच्या उघडिपीत ताण बसतो, तर दुसरे पंधरा दिवस तग धरते. ‘तालुक्यात इतके मिलिमीटर पाऊस’ या वाक्यातून हा फरक दिसत नाही. पाण्याच्या ताळेबंदातून दिसू शकतो. कॉनंट-ॲशबींनी मागितलेली प्रतिकृती ती हीच.

मात्र आडात नसेल तर पोहऱ्यात येणार कुठून? प्रतिकृतीला पावसाचा आकडा हवा. महाराष्ट्रात २०१७ पासून ‘महावेध’ प्रकल्पातून महसूल मंडळांच्या पातळीवर स्वयंचलित हवामान केंद्रे उभी राहिली. राज्यभरात ती दोन हजारांहून अधिक आहेत. पाऊस, तापमान, आर्द्रता, वारा यांच्या नोंदी त्यातून मिळतात. तालुक्याच्या एका पर्जन्यमापकावर विसंबण्याच्या दिवसांपेक्षा ही मोठी झेप आहे. तरीही एका मंडळात बरीच गावे येतात, आणि डोंगराळ मुलखात पाऊस शिवेगणिक बदलतो. अतिवृष्टीच्या मदतीसाठी मंडळात चोवीस तासांत ६५ मिलिमीटर पाऊस ही कसोटी धरली जाते. केंद्रावर साठ पडला आणि डोंगरापलीकडच्या वाडीत नव्वद, तर वाडीचे नुकसान कागदावर येण्यासाठी पंचनाम्याची वाट पाहावी लागते. २०२५ च्या सप्टेंबरात मराठवाड्यात अतिवृष्टीने खरीप झोडपला, बीड जिल्ह्यालाही तडाखा बसला, तेव्हा हा प्रश्न पुन्हा पुढे आला. इथे गरज आहे ती अशा प्रणालीची, जी आसपासच्या केंद्रांवरून, उपग्रहावरून आणि गावातल्या माणसाच्या नोंदीवरून ‘या वाडीचा आकडा संशयास्पद आहे’ असे स्वतः म्हणेल. आपल्याला काय कळत नाही हे ओळखणे, हे स्वतःविषयीच्या ज्ञानाचे पहिले लक्षण.

उदाहरणांतून शिकणे

तिसरी रीत शिकण्याची. आर्थर सॅम्युअल यांनी १९५९ साली चेकर्स खेळणाऱ्या संगणकाविषयी लिहिले. तो खेळता खेळता आपल्या चालींचे मोल बदलत असे. आजची बहुतेक यंत्रे याच वाटेवरची आहेत.

मुंबईच्या वाधवानी एआय या संस्थेने कापूस उत्पादकांसाठी केलेले ‘कॉटनएस’ हे ॲप जवळून पाहण्यासारखे आहे. सापळ्यातले पतंग कोऱ्या कागदावर काढायचे आणि मोबाइलने फोटो घ्यायचा. ॲप गुलाबी आणि अमेरिकन बोंडअळीचे पतंग ओळखून मोजते आणि फवारणीची पातळी गाठली का ते सांगते. मोबाइलची रेंज नसलेल्या रानातही चालावे म्हणून त्यातले मॉडेल आकाराने लहान केले आहे. आणि एक बारीक पण महत्त्वाची सोय: फोटो सापळ्यातल्या पतंगांचा नसेल, तर ते मोजदाद करण्याऐवजी फोटो नाकारते. चुकीच्या चित्रावरून ठाम आकडा सांगण्यापेक्षा ‘हे माझ्या कामाचे नाही’ म्हणणे कितीतरी शहाणपणाचे. इथे मोजणी शिकलेल्या यंत्राची आणि मर्यादा तज्ज्ञांच्या नियमाची, असा जुन्या-नव्याचा मेळ आहे. शेतकऱ्याला पटेल असा हा मेळ आहे, कारण कागदावरचे पतंग तोही मोजू शकतो.

पावसाच्या अंदाजातही शिकणारी यंत्रे आली. २०२५ च्या खरिपाआधी केंद्रीय कृषी मंत्रालयाने १३ राज्यांतल्या सुमारे ३ कोटी ८८ लाख शेतकऱ्यांना मोबाइल संदेशाने मान्सूनच्या आगमनाचा अंदाज पाठवला. त्यामागे गुगलचे न्यूरलजीसीएम, युरोपीय हवामान केंद्राचे एआयएफएस ही मॉडेले आणि भारतीय हवामान विभागाच्या १२५ वर्षांच्या पावसाच्या नोंदी होत्या. त्या वर्षी मान्सून २४ मे रोजीच केरळात आला, मुंबईही लवकर गाठली आणि मग त्याची पुढची वाटचाल रेंगाळली. हा खंड अंदाजात आधीच दिसला होता. मे महिन्यात भिजलेल्या मातीकडे पाहून ज्यांचा हात चाड्याकडे जात होता, त्यांच्यासाठी ‘थांबा’ हा एक शब्द हजारो रुपयांचा. त्याच मे महिन्यात पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेने घडवलेली सहा किलोमीटर चौकटीची भारत अंदाज प्रणालीही सुरू झाली.

बारामतीत ॲग्रिकल्चरल डेव्हलपमेंट ट्रस्टने मायक्रोसॉफ्टच्या तंत्रज्ञानाच्या साह्याने उसावर केलेला प्रयोगही गाजला. जमिनीतले सेन्सर, हवामान केंद्र आणि उपग्रहाची चित्रे एकत्र करून कधी किती पाणी व खत द्यायचे ते तिथे ठरते. काम चांगले आहे. पण तिथले पीक ऊस, पाणी ठिबकचे, शेतकरी वर्षभर शेतावर. याच उसाची तोड करायला जाणाऱ्या पाटोद्याच्या कुटुंबाचे शेत यांपैकी कोणत्याच बाबतीत तसे नाही. बारामतीच्या उसावर शिकलेली प्रणाली पाटोद्याच्या तुरीवर आणून ठेवली, तर ती आत्मविश्वासाने चुकेल. शिकणारे यंत्र ज्या उदाहरणांवर शिकते, तेवढेच त्याचे जग.

बोलणाऱ्या प्रणाली काय बदलतात?

आता बोलणारी यंत्रे आली आहेत. केंद्राचा ‘किसान ई-मित्र’ २०२३ मध्ये सुरू झाला. महाराष्ट्राने २०२५ मध्ये ‘महाविस्तार’ ॲप आणले आणि त्याच वर्षी जूनमध्ये ‘महाॲग्री-एआय’ धोरण २०२५-२९ ला मंत्रिमंडळाची मंजुरी मिळाली. मराठीतून शेतीचे प्रश्न विचारण्याची सोय याआधीही होती: २००३ च्या सुमारास आयआयटी मुंबई आणि बारामतीच्या कृषी विज्ञान केंद्राने ‘आक्वा’ चालवले, त्यात शेतकरी प्रश्न टाकत आणि तज्ज्ञ उत्तरे देत; शिवाय २००४ पासून किसान कॉल सेंटर आहे. फरक इतकाच, की आता उत्तर यंत्र रचते आणि ते तत्काळ मिळते.

इथे एक गैरसमज दूर करायला हवा. आपण चॅटबॉटशी बोललो म्हणजे तो आपल्याकडून शिकला, असे बहुतेकांना वाटते. तसे घडत नाही. भाषेचे मोठे मॉडेल आधीच शिकून बसलेले असते. संभाषणात त्याचे आतले आकडे बदलत नाहीत. त्याला नवे ज्ञान देण्याची प्रचलित रीत अशी: कृषी विद्यापीठाच्या शिफारशी, बाजारभाव, हवामान यांचा साठा बाजूला ठेवायचा, प्रश्न आला की त्यातला योग्य मजकूर शोधायचा आणि त्याच्या आधारे उत्तर रचायचे. म्हणजे या प्रणालीचे वागणे बदलायचे असेल तर तो साठा ताजा ठेवावा लागतो. परभणीच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठाने शिफारस बदलली आणि साठ्यात जुनी राहिली, तर यंत्र जुनीच शिफारस गोड मराठीत सांगेल. बोलणे जितके सफाईदार, तितकी चूक पकडायला अवघड.

चक्र कुठे तुटते

एवढ्या नमुन्यांवरून चित्र असे दिसते: निरीक्षण सुधारले, विश्लेषण झपाट्याने सुधारले, सल्ला वेळेवर पोचू लागला. पण सल्ला मिळाल्यावर काय झाले? शेतकऱ्याने पेरणी थांबवली का? फवारणी टाळली, मग नुकसान झाले की खर्च वाचला? याची नोंद प्रणालीकडे फारच क्वचित येते. त्यामागे चार कारणे मला दिसतात.

पहिले कारण, यश कशात मोजतो ते. किती लाख संदेश गेले, किती जणांनी ॲप उतरवून घेतले, हे मोजणे सोपे. म्हणून तेच उद्दिष्ट बनते, आणि प्रणाली इमानदारीने तेवढेच वाढवते.

दुसरे कारण खोट्या नोंदींचे. २०२१ पासून राज्यभर असलेली ई-पीक पाहणी ही चांगली कल्पना आहे. शेतकरी स्वतः शेतात उभा राहून पिकाचा फोटो टाकतो. पण नोंद जेव्हा थेट अनुदानाशी किंवा भरपाईशी जोडली जाते तेव्हा खोट्याचा मोह वाढतो. २०२३ मध्ये आलेल्या एक रुपयात पीक विम्याच्या योजनेत न पेरलेल्या, दुसऱ्याच्या, अगदी सरकारी जमिनीवरही विमा उतरवल्याचे प्रकार उघड झाले. त्यात बीड जिल्ह्याचे नाव आले, आणि २०२५ च्या खरिपापासून योजनेचे स्वरूप बदलले. खऱ्या शेतकऱ्याला त्याची झळ बसलीच. शिवाय अशा नोंदींवर शिकणाऱ्या यंत्राचे जगाविषयीचे ज्ञानच नासते.

तिसरे कारण माणसाचे. उपलब्ध प्रणाली असे गृहीत धरते की शेतकरी वर्षभर गावात आहे, फोन त्याच्या हातात आहे आणि सातबारावर त्याचेच नाव आहे. पाटोद्यातून ऊसतोडीचा कोयता निघाला की जोडप्यातली दोघेही चार-सहा महिने कारखान्याच्या फडात. मागे ज्वारी आणि जनावरे सांभाळणारी म्हातारी माणसे. कापसाची शेवटची वेचणी, बोंडअळीचे शेवटचे नुकसान, तुरीचा उतारा, या सगळ्याचे साक्षीदार तेच. पण संदेश मात्र फडातल्या मुलाच्या फोनवर. खुरपणी आणि वेचणी करणारी बाई डोमकळी सर्वांआधी पाहते, आणि तिचा फोन प्रणालीत नोंदलेलाच नसतो. चौथ्या प्रकारचे ज्ञान, माणसाविषयीचे, इथे सर्वांत तोकडे पडते.

चौथे कारण सूक्ष्म आहे. सल्ला स्वतःच जग बदलतो. यंदा कांद्याला भाव चांगला राहील, असे एकाच वेळी सगळ्यांना सांगितले तर सगळे कांदा लावतील आणि भाव पडेल. अंदाज चुकला तो अंदाज पोचल्यामुळे. आपल्या बोलण्याचा परिणाम ज्या प्रणालीच्या हिशेबात नाही, ती कितीही शिकली तरी अर्धीच शिकते.

परतीची वाट बांधायची तर

यावर उपाय अवघड नाहीत, आणि सगळे काही नव्या यंत्रांची वाट पाहत नाहीत.

प्रत्येक सल्ल्यासोबत दोन-तीन आठवड्यांनी एक उलटा प्रश्न जावा. सल्ला पाळला का, आणि काय झाले? उत्तर आवाजातून, आपल्या बोलीत, मिस्ड कॉल देऊनही देता यावे. कोयत्यावर गेलेल्यांच्या घरी राहिलेल्यांचे फोन, आणि बायकांचे फोन, स्वतंत्रपणे नोंदले जावेत. हे उत्तर कोणत्याही अनुदानाशी किंवा विम्याशी जोडू नये. तरच ते खरे येईल.

प्रत्येक महसूल मंडळात काही शेते ठरवून ती हंगामभर नीट मोजावीत. क्रॉपसॅपने सर्वेक्षकांची शिस्त घालून दिलीच आहे. तीच शिस्त ‘सल्ल्याचे फळ’ मोजायला लावायची. थोड्या पण सच्च्या नोंदी ढीगभर संशयास्पद नोंदींपेक्षा यंत्राला जास्त शिकवतात.

सल्ला ठामपणाच्या अंशासह दिला जावा. ‘पाऊस येणार’ यापेक्षा ‘दहापैकी सात वेळा अशा स्थितीत पाऊस आला आहे’ हे शेतकऱ्याला जास्त उपयोगी आहे. नक्षत्रांवर पिढ्यान्पिढ्या जोखीम तोलणाऱ्याला शक्यता समजत नाही, हा शहरी गैरसमज आहे.

आणि बदल कोणी केला, कशावरून केला, याची उघड वही असावी. प्रणालीने फवारणीची मर्यादा बदलली, तर कृषी विद्यापीठाच्या तज्ज्ञाने ती पाहून मान्य केल्याशिवाय ती शेतात जाऊ नये. स्वतः शिकणाऱ्या यंत्राला मोकाट सोडण्यात शहाणपण नाही; २०१७ मध्ये फवारणी करताना विषबाधेने यवतमाळात शेतकरी-मजुरांचे जीव गेले, हे विसरून चालणार नाही. चुकीच्या सल्ल्याची किंमत संगणक मोजत नाही.

पुढच्यास ठेच, मागचा शहाणा ही म्हण गावाला ठाऊक आहे. एका गावाच्या ठेचेतून शंभर गावे शहाणी व्हावीत, हे तर या प्रणालींचे खरे सामर्थ्य. त्यासाठी ठेच लागल्याची बातमी वर पोचली पाहिजे.

महाॲग्री-एआय धोरणाखाली सार्वजनिक पैसा खर्च होणार आहे. त्यातून उभ्या राहणाऱ्या प्रत्येक सल्लाप्रणालीला एक अट घालावी, असे मला कळकळीने वाटते: हंगाम संपल्यावर महसूल मंडळनिहाय सांगा की किती सल्ले दिले, किती खरे ठरले, किती चुकले आणि त्यावरून काय बदलले. हा हिशेब मराठीत, ग्रामपंचायतीत लावला जावा आणि ग्रामसभेत वाचला जावा. सुरुवात बारामतीपासून करायचे कारण नाही. जिथे जमीन हलकी, पाऊस लहरी आणि माणूस अर्धे वर्ष गावाबाहेर, अशा पाटोद्यासारख्या तालुक्यातून ती करावी. इथल्या चुकांवरून जी प्रणाली सुधारेल, तिच्यावर उरलेल्या महाराष्ट्राला भरवसा ठेवता येईल.